रोजचं सोडून

मिरजेत आजारी माणूस शोधावा लागत नाही.
जतहून, अथणीहून, विजापूरकडून
तो आपणच येतो पहाटेच्या गाडीनं,
जुन्या फिल्मा बाजाराच्या पिशवीत गुंडाळून.
यंदा आम्हाला हवी होती धडधाकट माणसं.
शंभर. वय वीस ते साठ.
सरळ म्हणजे किती, ते एकदा मोजायला हवं होतं,
त्याशिवाय वाकडं कशाला म्हणायचं?
परदेशी आकड्यांवर डॉक्टर मगदूमांचा भरवसा नाही.
"ती माणसं खुर्चीत बसून जेवतात," म्हणाले.

अनवाणी उभे राहा, मी सांगायचे.
गुडघे ताठ. नजर समोरच्या कॅलेंडरवर.
मुठी गळ्याखालच्या हाडांवर, अशा,
थंडीत शाल धरतो तशा.
श्वास घ्या. थांबा.
थांबा म्हटलं की माणूस
शाळेतल्या कवायतीला उभा राहतो.
म्हणून मी बटण जरा उशिरा दाबायचे,
खांदे घरी परतेपर्यंत.

इराप्पा गवंडी पडद्यापुढून हलेना.
मानेच्या सातव्या मणक्यातून
मी एक रेघ सोडली होती, थेट खाली.
"ओळंबा व्हय?"
ओळंबाच.
कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या मागच्या कोपऱ्यापासून
दोन बोटं पुढं पडला होता.
"भिंत असती तर मालकानं पाडाय लावली असती."
मी म्हटलं, इराप्पा, तुम्ही निरोगी आहात.
मान पुढं, पाठ मागं, कंबर परत पुढं,
एवढी वळणं घेऊन जे ओळंब्यात येतं
त्याला आम्ही सरळ म्हणतो.
तो हसला नाही. रेघेकडंच बघत राहिला,
कुणीतरी त्याचं काम तपासल्यासारखा.

ओटीपोटाच्या हाडांत एक कोन असतो.
अंगाची वाढ थांबली की तो ठरतो, मग सहसा हलत नाही.
कुणाचा चाळीस, कुणाचा साठ, दोन्ही बरोबर.
त्याचे वाटे दोन: एक उताराचा, एक झुकण्याचा.
उतार घटला तर झुकणं वाढतं,
बेरीज तीच.
हे मला आमच्या घरच्या पगारावरून
कॉलेजच्या आधीच कळलेलं होतं.

हळदपेठेतला दादू शिंगाडे,
तीस वर्षं पोती वाहिलेली,
त्याचे सगळे कोन पुस्तकातल्यासारखे निघाले.
नखांपासून कानांच्या पाळ्यांपर्यंत पिवळा माणूस.
फिल्मवर पिवळं येत नाही.
"नॉर्मल हाय असं लिहून द्या की," म्हणाला,
"मुकादमाला दाखवतो."

अडलं ते चाळिशीपुढच्या बायांपाशी.
फॉर्मवरचा प्रश्न चौथा.
आमच्याच वॉर्डातली शेवंता कोळेकर,
हात पदराला पुसत समोर बसली.
पाठ कधी दुखली?
"न्हाई."
कधीच?
"रोजचं सोडून."

पेन तसंच धरून ठेवलं मी.
चौकटी दोनच होत्या, होय आणि नाही.
डॉक्टर म्हणाले, वगळा.
मग तांदूळ निवडणाऱ्या, भाजी विकणाऱ्या,
शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत बसणाऱ्या,
किती जणींना विचारलं,
आणि किती जणींनी तेच सांगितलं,
"तेवढं चालायचंच" म्हणून, "ते काय दुखणं हाय व्हय" म्हणून.
शंभर भरायला पावसाळा उलटून गेला.

शेवटी आकडा आला, दशांश चिन्हासकट.
निरोगी माणूस सरासरी असा उभा राहतो.
शंभरातल्या एकाचाही तो नव्हता.
डॉक्टरांनी पेढे मागवले.

संध्याकाळी मी मशीन बंद करत होते.
शेवंता फरशी पुसून उठली,
एक हात भिंतीवर, एक कंबरेवर,
कॅलेंडरकडं न बघता.
श्वास घेतला. थांबली.
मग बादली उचलून
पुढच्या खोलीत गेली.